घरपोच पीठ

धसईत दुसरी गिरणी सुरू झाली, तेव्हा जुनी गिऱ्हाइकं टिकवायला पहिल्या गिरणीवाल्या नरेंद्रने पीठ फुकट घरपोच द्यायला सुरुवात केली. तरी बायका एकेक करून तिकडे वळल्या. दर तोच, पीठही तसंच. त्याला काही उमजेना. शेवटी डबा घेऊन त्याच्या गिरणीवरून तिकडे निघालेल्या सोनूबाईला त्याने हटकलं.

“मावशी, माझं काय चुकलं?”

“पीठ घरी येतंय, मग बाहेर कशाला जाता, असं घरची विचारतात रे. दळणाच्या निमित्तानं घटकाभर बोलाया मिळायचं.”

“आणि तिकडं?”

“तिकडं गर्दी. थांबावंच लागतं!” सोनूबाई खुशीत म्हणाली.

नरेंद्रने ‘घरपोच’ची पाटी उतरवली, दोन दगडांवर आडवी टाकली आणि म्हणाला, “बसा मावशी. दळायला वेळ लागंल.”