ठाण्यात जमा केलेले रिव्हॉल्व्हर

ग्यानोबांची नात त्यांच्या घरी मुक्कामाला राहत नसे. लेक अयोध्या लातूरहून सकाळी लोह्याला माहेरी यायची आणि छोट्या मुक्ताला घेऊन दिवेलागणीच्या आत परत निघायची. कारण कपाटात होते. मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडतीची रोकड नेताना ग्यानोबांना एकदा लुटारूंनी गाठले होते. तेव्हापासून त्यांनी परवाना काढून रिव्हॉल्व्हर बाळगले होते.

"कुलूप हाय की कपाटाला!" ते म्हणायचे.

"असू द्या, बाबा. माझा जीव न्हाई लागत इथं," अयोध्या म्हणायची.

मग निवडणूक लागली. परवान्याची शस्त्रे जमा करा, असा पोलीस ठाण्यातून निरोप आला. ग्यानोबा रिव्हॉल्व्हर देऊन आले ते धुसफुसतच. अमेरिकेतल्या पुतण्याला, बबलूला त्यांनी फोन लावला.

"काका, आमच्या टेक्सासात असं कुणी मागितलं तर लोक खवळतील. इथं बंदूक म्हणजे माणसाचा हक्क, सरकारची मेहरबानी नाही."

"ऐकलं का? याला म्हणतात स्वातंत्र्य!" ग्यानोबा बायकोला म्हणाले.

घरात आता हत्यार नाही, हे सगुणाबाईंनी हेरले. त्यांनी लेकीला बोलावून घेतले. या वेळी अयोध्या कपड्यांची पिशवी घेऊन आली.

एके दुपारी लपंडाव चालला होता. मुक्ता कुठेच सापडेना. ग्यानोबा खोलीत शिरले आणि जागीच थिजले. कपाट उघडे होते! आत मुक्ता बसली होती!

पुढच्याच क्षणी त्यांना आठवले, रिव्हॉल्व्हर ठाण्यात आहे, म्हणूनच कपाटाला कुलूप नाही. ते भिंतीला टेकून खाली बसले.

"आबा हरले!" मुक्ता टाळ्या पिटत म्हणाली.

"हाव माय, हरलो," ते कसेबसे म्हणाले.

निकाल लागले. शस्त्र परत न्या, असा निरोप आला. अयोध्या परत निघायला पिशवी भरू लागली. त्याच वेळी बबलूचा फोन आला.

"बबलू, तुझ्या पोराला शाळेत धाडताना भ्या वाटत न्हाई का रे?" ग्यानोबांनी विचारले.

"वाटतं, काका. गोळीबार झाला तर बाकाखाली कसं लपायचं, हे शाळेतच शिकवतात. इथं वस्त्या लांब लांब, पोलीस यायला वेळ लागतो, म्हणून लोक बंदूक ठेवतात. तेही खोटं नाही. पण पोरगा घरी येईतो जीव थाऱ्यावर नसतो."

फोन ठेवून ग्यानोबा पुटपुटले, "पण चोर आले तर?"

"रोकड कुठं हाय आता? सगळं ब्यांकेतून चालतंय. आन् हाक मारली की शेजारचा मल्लिनाथ धावत येतोय," सगुणाबाई म्हणाल्या. "तुम्हाला हत्यार ठेवायचा हक्क हाय. मग लेकीला माहेरी निवांत झोपायचा हक्क न्हाई व्हय?"

ग्यानोबा उठून थेट ठाण्यात गेले. "साहेब, न्यायला आलो न्हाई. परवानाच परत करायचाय."

"नीट विचार केलात ना?"

"इतकी वर्षं केला न्हाई. आज केला."

घरी येऊन त्यांनी हे सांगितले, तेव्हा अयोध्याने भरलेली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "बाबा, दिवाळीची सगळी सुट्टी मुक्ता इथंच राहील. मी तिला सोडून जाईन." ग्यानोबांनी मोठा श्वास सोडला. कितीतरी दिवसांनी त्यांना असे हलके वाटले.

वाचकहो, कोणत्या देशाने कोणता कायदा करावा, हे सांगण्याइतकी आपली पोच नसेल. पण आपल्या हक्कामुळे आपलीच माणसे भीत असतील, तर त्या हक्काचा फेरविचार जरूर करावा. खरे स्वातंत्र्य एकट्याचे नसते. आपल्या शेजारी बसलेल्यालाही ते निर्भयपणे भोगता आले पाहिजे!