दाढ्यांची पेटी

मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. माझ्या कोपऱ्याला पोचा आहे. मला कडी आहे, कुलूप कधीच नव्हतं. चोरण्यासारखं आत होतं काय? शाळेच्या नाटकातले राजाचे झगे, दोन दाढ्या आणि एक पुठ्ठ्याचा मुकुट. झगे उसवले की आमचा शिंपी मला दुकानात आणी आणि शिवून परत नेई. वीस वर्षं मला बघून मुलं टाळ्या वाजवत. एका पेटीला तेवढं कौतुक पुष्कळ झालं.

यंदा शाळेत मतदान होणार म्हणून वर्ग रिकामे करायचे ठरले. आदल्या दिवशी शिंप्याने मला डोक्यावर घेऊन फाटकाबाहेर आणलं. कुणीतरी मागून फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो गावभर झाला: 'मतपेटी पळवली! सगळ्यांना पाठवा!'

मतदानाआधीच पळवलेल्या पेटीत मतं कुठली, हे कुणी विचारलं नाही. एका पक्षाचे म्हणाले, दुसऱ्यांचं काम. दुसरे म्हणाले, पहिल्यांचं. फोटो मात्र दोघांनाही पसंत पडला. शिंप्यानेही तो घरच्या ग्रुपवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'काय दिवस आले!' स्वतःची पाठ माणसाला कुठे ओळखू येते?

त्याच ग्रुपवरच्या त्याच्या ताईने माझा पोचा ओळखला आणि त्याला फोन केला.

"अरे, ही तुझ्या दुकानातली पेटी!"

"हो की गं! ताई, त्यात दाढ्या आहेत."

"मग तू कशाला पाठवलास फोटो?"

"सगळ्यांना पाठवा असं लिहिलं होतं ना!"

मग शिंप्याने गावात सगळ्यांना सांगितलं, फोटोतला माणूस मीच, पेटी दाढ्यांची. लोक म्हणाले, घ्या, चोरानेच कबुली दिली. रोज त्याच्यासोबत चहा पिणारा शेजारचा न्हावी म्हणाला, "माझा विश्वास आहे रे तुझ्यावर. पण इतके जण म्हणतात म्हणजे काहीतरी असणारच." दुसऱ्या दिवसापासून तो आपला चहा आपल्याच दुकानात पिऊ लागला. गिऱ्हाइकंही पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याकडे वळली.

निकाल लागला. एकही मतपेटी कमी भरली नाही. तसा मेसेज मात्र कुणी पाठवला नाही. झगे न्यायला शाळेतूनही कुणी आलं नाही. शिंपी मला रोज दाराशी उघडी ठेवतो, मुकुट वर, दाढ्या खाली. येणारे-जाणारे मोबाइलमध्ये बघत पुढे जातात. मशीनचा आवाज फारसा होत नाही आता. परवा तो आरशाकडे पाठ करून, मान वळवून उभा होता. बराच वेळ.

मित्रांनो, पुढे पाठवण्याआधी एकदा कडी काढून बघा. बोट लावलं की निघते.