चाळीस सेकंदांचं मरण

"सकाळपासून पाच वेळा मेली ही बाई. आपलं जेवण कधी होणार?"

फळीच्या पलीकडून दिवेवाला कुणाला तरी म्हणत होता. फळी म्हणजे नावालाच आडोसा. इकडे सुस्कारा टाकला तर तिकडचा वळून बघेल. बाईंच्या पाठीवरचे हुक लावताना माझा हात थबकला. बाई मात्र खुदकन हसल्या, आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली.

"त्याला सांग," उबळ ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "अठरा वर्षं मेले तेव्हा लोक तिकीट काढून यायचे."

त्या अठराही वर्षं पोशाख माझ्याकडे. तेच नाटक आता सिनेमा होत होतं. नायक शिक्षामाफीचा कागद घेऊन धावत येतो, आणि इकडे नायिकेनं तासाभरापूर्वीच विष घेतलेलं असतं. मग तो तिच्या उशाशी बसून बोलत राहतो. रंगमंचावर बाई प्रेक्षकांकडे पाठ करून पडायच्या, खुशाल श्वास घ्यायच्या, वर नायकालाच दटावायच्या, "आटप रे, कंबर आखडली."

सिनेमात तसं नव्हतं. कॅमेरा थेट चेहऱ्याशी. नायकही त्याच चौकटीत, त्यामुळे तुकडे जोडायची सोय नाही. त्याचं बोलणं छाटत छाटत चाळीस सेकंदांवर आणलं होतं. तेवढा वेळ बाईंनी श्वास रोखायचा, एवढंच काम. पंचवीस झाले की गळ्याची शीर उडायला लागायची आणि मागोमाग खोकला.

दिग्दर्शक म्हणजे बाईंचा सख्खा धाकटा भाऊ. डोक्यावर टक्कल पडलं तरी बाई त्याला चारचौघांत 'बाळ्या'च म्हणायच्या. हा शेवटचा प्रसंग त्यानंच सगळ्यात आधी घ्यायला लावला. का, तर सेट लगेच मोडायचाय. मलाही बाजूला घेऊन म्हणाला होता, प्रत्येक पोशाख दोन-दोन शिवा. फाटला-बिटला तर हाताशी असावा. आणि दुसऱ्या पोशाखाच्या मापाची चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. फाटक्याच्या जागी परक्या मापाचा कशाला, हे मी विचारलं नाही. बाईंची कंबर मी महिन्याभरात तीनदा आत घेतली होती. मेकअपवाला म्हणायचा, "बाई, सिनेमाला शोभेशा बारीक झालात हं!" आणि गालांच्या खळग्यांवर रंगाचे थर चढवायचा. आम्ही सगळेच एकदम कामसू झालो होतो. मान म्हणून वर काढायची नाही.

सहाव्यांदा बाई पलंगावर आडव्या झाल्या. नायक उशाशी बसला. मी मनात आकडे मोजत होते आणि माझाही श्वास रोखला होता. वेडेपणाच, माझा वाचलेला श्वास त्यांना थोडाच मिळणार होता?

एकतिसाव्याला खोकला आला.

"कट!" भाऊ म्हणाला. "सावली पडली कसली तरी."

"कुठं सावली?" दिवेवाला दुखावला. मी डोळे वटारले तसा गप्प झाला.

"ताई, तू जरा बस. एवढाच तुकडा पाठीमागून घेऊ. चेहरा नको."

आतून एक मुलगी बाहेर आली. अंगावर मीच शिवलेला दुसरा पोशाख. आपल्याच हातून काहीतरी चोरी झाल्यासारखी ती उभी होती.

बाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "हिचा काही दोष नाही," त्या म्हणाल्या. "पोरी, बस तू, उभी किती राहशील? बाळ्या, इकडे बघ. अठरा वर्षं लोकांना पाठ दाखवून मेले. माझं मेलेलं तोंड कुणी पाहिलंय? मी या सिनेमाला हो म्हटलं ते याच एका शॉटसाठी. तो पण पाठमोरा, आणि तोही हिच्या पाठीचा?"

"अगं, पण खोकला…"

"खोकला काय जन्माला पुरणार आहे? आठवड्यात जाईल. तोवर बागेतलं घे, भांडणाचं घे. बरी झाले की हे एका दमात देते."

"सेट मोडायचाय ना, ताई."

शिडीवरच्या सुताराला वाटलं, आपल्यालाच विचारतायत. नवीनच आलेला गडी. काय माहीत असू नये हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. "नाही हो साहेब, मोडायचा कशाला? महिनाभर राहू दे की. इथं दुसरं कुणीच येत नाहीये."

"तसं नाही… याच्या तारखाही बघायला हव्यात." भावानं नायकाकडे बोट केलं.

"माझ्या? मी तर रिकामाच आहे," नायक बोलून गेला आणि मग हातातला माफीचा कागद उलटसुलट करून वाचू लागला. त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"सेट आहे, नायक आहे, मी आहे," बाई म्हणाल्या. "मग अडतंय कुठं?"

मेकअपवाल्यानं डबी उघडली आणि मिटली. मी बाईंच्या पोशाखाचा घोळ सारखा करायला वाकले. तो सारखाच होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मेकअपवाल्याकडे पाहिलं, मग एकेक करून सगळ्यांकडे. घाई नव्हती त्यांना.

भाऊ कॅमेऱ्यामागून पुढे आला. नायक न सांगताच उठला. त्याच्या जागी, पलंगाच्या उशाशी, भाऊ जमिनीवर बसला. आधी त्यानं पलंगावरची चादर नीट केली, मग पुन्हा नीट केली.

"सेटचं काही नाही, ताई," तो म्हणाला. "आठवड्यानं तुला आजच्याएवढंही जमणार नाही. तू बरी होणार नाहीयेस. डॉक्टरांनी मला केव्हाच सांगितलंय."