अंगठ्याची सवय

एकवीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मी पेशींच्या गोठलेल्या कुप्या हाताने वितळवल्या. सदतीस अंशांच्या पाण्यात हलवत राहायचं आणि आत तांदळाच्या दाण्याएवढा बर्फ उरला की काढायची. गेल्या महिन्यात यंत्र आलं. कुपी भोकात ठेवा, बटण दाबा, हिरवा दिवा लागला की काढा. एवढं शिकवायला कंपनीची दोन माणसं दोन दिवस माझं डोकं खात होती. साहेबांनी पाण्याची टाकी त्याच दिवशी अडगळीत टाकली. हल्ली वाद घालायचाही कंटाळा येतो.

त्या सकाळी वरच्या मजल्यावरच्या एका मास्तरांची कुपी होती. कॅन्सरच्या औषधांनी त्यांचं रक्त बनणंच थांबलं होतं. उपचारांआधी काढून गोठवलेल्या त्यांच्याच पेशी त्यांना परत द्यायच्या होत्या. दोन कुप्या आधीच वापरून झाल्या होत्या. ही शेवटची.

नाव आणि नंबर दोघींनी मोठ्याने वाचायचा, असा नियम. माझ्यासमोर माझी मदतनीस, आमची चष्मेवाली उभी. लेबलवर बर्फाचा थर होता. मी अंगठ्याने पुसला. नीट दिसेना, म्हणून आणखी घासला. नंबर वाचला, कुपी यंत्रात ठेवली, बटण दाबलं.

लाल दिवा.

"ताई, हे काय?"

काय ते मला लगेच कळलं. यंत्राला कुपी पूर्ण गोठलेली लागते, तिथून ते वितळायच्या वेळेचा अंदाज बांधतं. माझ्या अंगठ्याच्या उबेने एका बाजूचा बर्फ सुटला होता. फक्त टोपणाला धरा, असं कंपनीच्या त्या दोघांनी तीनतीनदा बजावलं होतं. परत गोठवली तर पेशी मेल्याच.

"चहाच्या पाण्याची किटली आण. पळ!"

गरम पाण्यात गार ओतत आम्ही थर्मामीटर सदतीसवर आणला. टोपण पाण्याबाहेर ठेवून मी कुपी हलवत राहिले. तांदळाचा दाणा दिसला, तशी काढली.

मायक्रोस्कोपखाली पेशी मोजल्या. शंभरात एक्क्याऐंशी जिवंत. सत्तर पुरतात.

उरला फॉर्म. वितळवण्याची पद्धत: यंत्राने किंवा इतर. इतर असेल तर खाली सविस्तर कारण.

"यंत्राने म्हणून टाका की," चष्मेवाली हळूच म्हणाली. "इतर लिहिलंत तर डॉक्टर घेतीलच असं नाही. मग मास्तरांचं काय?"

तेच तर मला खात होतं. खोट्याला एक खूण पुरत होती, खऱ्याला दहा ओळी. मी इतकी दमले होते की ती खूण जवळजवळ करून बसले होते. पण माझ्या चुकीचा धोका मास्तरांच्या अंगात जाणार, हे डॉक्टरांना न कळवता कसं चालेल? दहा ओळी लिहिल्या, अंगठ्यासकट. मग फोन लावला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"एक्क्याऐंशी नक्की?"

"दोघींनी मोजल्यात."

"मी घरच्यांना सगळं सांगतो. ते हो म्हणाले तर कळवतो."

वीस मिनिटांनी होकार आला. कुपी घेऊन मी स्वतः वर गेले. दाराशी मास्तरांच्या पत्नी उभ्या होत्या. त्यांनी माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला.

"डॉक्टरांनी सगळं सांगितलं. तुम्ही पेशी हाताने वाचवल्यात म्हणे. गुण आहे हो तुमच्या हाताला."

अंगठ्याचं त्यांना खरंच सांगितलं होतं का, हे विचारायला हवं होतं. माझ्याच्याने विचारवेना. मी अंगठा मुठीत दडवून उभी राहिले.