उन्हाचं माप

"बाय, तो काढतेस कशाला? आता तर काम लागनार ना?"

सोलर कंपनीची हेमांगी स्टुलावर उभी राहून खांबाच्या माथ्यावरचे स्क्रू सोडवत होती. नथूने खालून स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. खांबावर तळहातात मावेल एवढा काचेचा घुमट होता. ऊन मोजायचं यंत्र. नथू त्याला बुडबुडा म्हणायचा.

"काका, साइट ड्रॉप झाली," ती शेवटी म्हणाली. "नाही होणार इथे सोलर."

"का?"

"ऊन कमी भरलं."

नथूने वर पाहिलं. मे महिन्यातले सव्वाअकरा वाजले होते. विरारच्या पश्चिमेला खाडीलगत पसरलेलं ते मिठागर इतकं झगझगत होतं की हेमांगीने गॉगल लावून वर टोपी भुवयांपर्यंत ओढली होती.

"कमी?" तो म्हणाला. "कोन बोलतंय?"

"आकडे बोलतात."

"मंग त्या आकड्यांना येक दिवस हितं उघड्या डोक्यानं बसव."

एरवी ती हसली असती.

नथू बासष्ट वर्षांचा होता आणि अठराव्या वर्षापासून याच आगरावर होता. भरतीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवायचं, शेवटच्या वाफ्यात मीठ धरलं की लाकडी फळीने ओढायचं. पाणी समुद्राचं, जागा मालकाची, ऊन देवाचं. पायाच्या भेगा तेवढ्या त्याच्या. मिठाला भाव उरला नाही तशी बरोबरची माणसं एकेक करून सोसायट्यांच्या गेटवर वॉचमन म्हणून गेली. मालकाने दोन वर्षांपूर्वीच सांगून टाकलं होतं, एक तर सोलरवाले जागा घेतील, नाहीतर भराव घालून गोदामं बांधू. सोलरवाले आले तर नथू राखणदार म्हणून राहणार होता. बांधावरची त्याची खोलीही राहणार होती. कंपनीने तसं तोंडी कबूल केलं होतं. गोदामं झाली तर खोली भरावाखाली.

पैसा परदेशातला आहे, हे हेमांगीने पहिल्याच दिवशी त्याला समजावलं होतं. तिकडच्या नोकरदारांच्या पेन्शनीसाठी साठवलेला फंड इथल्या सौरऊर्जेत गुंतवायचा होता. पण त्याआधी त्यांना जागेवरचं वर्षभराचं ऊन मोजून हवं होतं. नथूला ही गोष्ट फार आवडली. त्याने घरी बायकोला सांगितलं, "तिकडची म्हातारी मानसं आपल्या उनावर पेन्शन खानार."

"खाऊं दे," मालन म्हणाली. "तू इतकी वर्सं ऊन खाल्लंस, तुला काय मिळालं? मोतीबिंदू."

यंत्राचे आकडे आपोआप हेमांगीच्या मोबाइलवर जात. नथूकडे एकच काम होतं. "रोज सकाळी काच स्वच्छ पाण्याने पुसायची, काका. धूळ बसली की ऊन कमी दिसतं," असं ती सांगून गेली होती, आणि नथूने कोरडा दिवस एकही चुकवला नव्हता. पुतणीच्या हळदीलाही तो आधी बुडबुडा पुसून मग मांडवात गेला. भावजयीने चार माणसांत त्याला "या, सोलरचे जावई" म्हणून ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

हेमांगी यंत्र घेऊन खाली उतरली. तिने गॉगल कपाळावर चढवला आणि काच उन्हाकडे धरली. तिरपी केली, पुन्हा सरळ केली. मग काचेवरून बोट फिरवलं.

"काका, पुसत होता ना?"

"रोज." त्याला ते लागलं. "मालनला इचार."

"कशाने पुसायचा?"

"पान्यानं. तू बोललीस तसं. सोच्छ."

"कुठल्या पाण्याने?"

"चल, दावतो."

तो तिला बांधावरून शेवटच्या वाफ्यापाशी घेऊन गेला. वाफ्यात वीतभर पाणी होतं. तळाशी धरलेलं मीठ दाणा न् दाणा दिसत होतं. नथूने ओंजळ भरून तिच्यापुढे धरली.

"चिखुल नाय, शेवाळ नाय, यात किडा जगत नाय. आख्ख्या आगरात यापेक्षा सोच्छ पानी काढून दाखव. यानं पुसायचो आनि वरनं कोरडं फडकं मारायचो. चकचकीत."

हेमांगीने काचेवरून फिरवलेलं बोट जिभेला लावलं.

नथूने तिचा चेहरा पाहिला. पाणी किती आटलं ते तोही असंच जिभेवर बघायचा. ओंजळीतलं पाणी बोटांच्या फटींतून गळून गेलं तरी हात तसेच राहिले.

"गोडं," तो म्हणाला. "तुला गोडं म्हनायचं व्हतं."

हेमांगी गिरीज गावची. तिच्या लेखी घरच्या वाडीत केळीला सोडतात ते पाणी. आगरावर मात्र पाणी म्हणजे खारंच. मालन गावातून कळशीने जे प्यायला आणायची, त्याला कुणी पाणी म्हणत नसे. गोडं दे, गोडं संपलं, असंच बोलायचे. त्या गोड्यातला थेंबही कुणी हात धुवायला वापरत नसे, तर काच पुसायला कोण वापरणार?

"म्हणून पावसाळ्यात आकडे जुळत होते," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "जून ते सप्टेंबर उपग्रहाच्या आकड्यांशी बरोबर जुळायचे. ऑक्टोबरपासून नऊ टक्के कमी. आम्ही म्हटलं, हवेत काहीतरी असेल."

"पावसात मी पुसत नव्हतो. पाऊस पुसायचा."

"यंत्र बसवल्यावर मी एकदाच आले, ऑगस्टमध्ये. तेव्हा काच साफ होती. आकडे मोबाइलवर येत होते ना, मग कशाला यायचं." ती खाली बघत होती. "माझी चूक आहे, काका. मी दर महिन्याला यायला हवं होतं."

"तुजी कशी? तू पानी बोललीस. मी पानीच लावलं." त्याने डोळे चोळले. "मला ती काच जरा दुधी दिसायची. पन मला समद्याच काचा तशा दिसतात."

ती बाजूला गेली आणि तिने तिच्या साहेबांना, वेदांत सरांना, फोन लावला. नथूला तिचंच बोलणं ऐकू येत होतं. "सर, ऊन कमी नव्हतं... नाही सर, काचेवर मीठ... हो, मी बघितलंय." मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली.

परत आली तेव्हा ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "दुसऱ्या राज्यातल्या साइटवर सह्या झाल्या, मागच्याच आठवड्यात. इथे पुन्हा मोजायचं तर पुन्हा एक वर्ष. ते थांबणार नाहीत."

"मालक पन नाय थांबनार," नथू म्हणाला आणि बांधावर बसला. दूर रस्त्यावरून मातीने भरलेला एक डंपर गेला. डंपर नजरेआड होईपर्यंत नथू त्याच्याकडे बघत होता.

"त्यांच्या कागदावर काय लिवलंय?" त्याने विचारलं. "आमच्या आगराचं ऊन कमी हाय?"

"हो."

"ते तसंच ऱ्हानार?"

"फाइलमध्ये राहील."

"खोली जाईल ती जाऊं दे, बाय. पन हे खोटं हाय. माजा बा ह्या उनानं आंधळा झाला. शेवटची सात वर्सं हात धरून न्यायचो मी त्याला. आनि आता तुमचा कागद बोलतोय, ऊन कमी."

हेमांगीने बॅगेतून यंत्र उतरवल्याची नोंद करायचा कागद काढला. खाली शेऱ्याची जागा होती. ती बांधावरच बसून मांडीवर लिहायला लागली. नथू उभा राहिला, त्याची सावली कागदावर पडेल अशा बेताने.

"काय लिवलंस?"

"काचेवर मिठाचा थर होता, म्हणून माप चुकलं. इथलं खरं ऊन यापेक्षा जास्त आहे."

"माजं नाव?"

"नाही घातलं. नाव कशाला?"

"घाल."

"काका, उद्या कोणी वाचलं तर उगीच तुमच्यावर..."

"घाल तू. नायतर म्हनतील, मीठ हवेतनं आपसूक बसलं, सोलरच्या काचांवर पन बसंल. मंग पैसेवालं कोनीच परत हितं येनार नाय. नथूनं हातानं लावलं म्हनून लिव."

मग तिने खोडाखोड न करता दोन ओळी वाढवल्या आणि कागद त्याच्यापुढे धरला. सगळं इंग्रजीत होतं. नथूने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"ह्यात ऊन कुठं हाय?"

तिने दुसऱ्या ओळीतला एक शब्द दाखवला.

"येवढं लांब?"

"मोजलेल्या उन्हाला असं म्हणतात."

नथूने बोट सदऱ्याला पुसलं, उलटंसुलटं करून पाहिलं, पुन्हा पुसलं. मग ते त्या शब्दाखाली टेकवून, शब्द संपेपर्यंत, हळूहळू सरकवत नेलं.