सात नंबरचे फ्री थ्रो

मॅच संपायला दीड मिनिट होतं. मावशी खाली मान घालून फाउल लिहीत होती. मान वर केली तेव्हा दुसऱ्या फ्री थ्रोचा बॉल जाळीतून खाली येत होता आणि रेषेवर उभी होती अकरा नंबर.

पण पाडलं होतं तिच्याच टीमच्या सात नंबरला, आणि जिला पाडलं तिनंच थ्रो मारायचे असतात!

तीस वर्षं टायपिस्टची नोकरी करून मावशी निवृत्त झाली आणि बास्केटबॉलच्या टेबलावर स्कोअरर म्हणून बसायला लागली. सगळे तिला मावशीच म्हणत. अकरा नंबर मात्र तिची खरीखुरी भाची, सख्ख्या बहिणीची मुलगी. एका पॉइंटनं मागे असलेली भाचीची टीम त्या दोन थ्रोंनी पुढे गेली होती.

"बॉल बाहेर गेला की बझर दाब," मावशी शेजारच्या टाइमकीपरला म्हणाली.

"अहो, भाची आहे ना तुमची?"

"म्हणून काय बझर बिघडला?"

बॉल बाहेर गेला. बझर वाजला. रेफरी तरातरा टेबलाशी आला.

"फ्री थ्रो सातचे होते, मारले अकरानं. रद्द करा."

"बाई, मी तिथेच उभा होतो. तुम्ही आपले आकडे लिहा."

"तेच करतेय. हे दोन लिहिणार नाही."

"आता खेळ पुढे गेलाय."

"घड्याळ सुरू झाल्यावर बॉल पहिल्यांदाच थांबलाय. अजून दुरुस्त करता येतं. पुन्हा खेळ सुरू केलात, की मग नाही."

"आणि नाही केलं तर?"

मावशीनं पेनला टोपण लावलं. "मग शेवटी स्कोअरशीटवर सहीही तुम्हीच करा. माझी मिळणार नाही."

प्रेक्षक ओरडायला लागले. रेफरीनं जोडीदार रेफरीला बोलावलं. तो चाचरत म्हणाला, "सातच पडली होती, सर."

दोन पॉइंट रद्द झाले, बॉल समोरच्या टीमला मिळाला. भाचीची टीम एका पॉइंटनं हरली.

बाहेर पडताना भाचीनं तिला दारातच अडवलं. "गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं गं?"

"रेषेवर गेलीस तेव्हा तुला माहीत होतं ना?"

"सातचे थ्रो लागत नाहीत, मावशी."

"मग तिला शिकव."

बहिणीनं फोन करणं सोडलं. पुढच्या स्पर्धेच्या स्कोअररच्या यादीतून मावशी गायब झाली. ती सकाळीच बास्केटबॉल संघटनेच्या ऑफिसात जाऊन बसली. "मला का काढलं ते लेखी द्या. मी थांबते."

कारकून दोनदा आत जाऊन आला. लिहून द्यायला कुणी तयार होईना. दुपारी नवी यादी लागली. तिच्यात मावशी शेवटून दुसरी.

पहिल्याच मॅचला तोच रेफरी. मावशीनं नमस्कार केला, त्यानं मान फिरवली. तिनं खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही टीमचे नंबर तपासायला घेतले.