कंपनीचा हॉर्न

पातेल्यावरचं झाकण टण्णकन खाली पडलं आणि गिरकी घेत चुलीपाशी जाऊन निपचित झालं. मायानं श्वास रोखला. सासू चांगुणा गोधडीतनं उठून बसली. उंबऱ्यात दप्तर भरणारी सहा वर्षांची करुणा दोघींच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघायला लागली. बाहेर शेळी एकदा ओरडली आणि गप्प झाली.

"झाकानच हाय," चांगुणा म्हणाली. "एखांद्या दिशी असल्या आवाजानंच जाईल म्या, त्याला यायाची गरजच न्हाई."

दिवाळीपासनं इनामगावच्या त्या वस्तीवर सकाळ अशीच उजाडायची, कान टवकारून. वस्ती सतरा घरांची. घरांच्या पुढ्यात बापूसाहेबांचा आठ एकर ऊस, उसाच्या पल्याड त्यांचा बंगला, बंगल्यामागं डांबरी रस्ता आणि शाळा. मधनं एक गाडीवाट. घोड नदीच्या पाण्यावर ऊस असा माजला होता, की भर दुपारीसुद्धा त्या वाटेवर दिवेलागणीसारखं वाटायचं. त्या उसात बिबट्या राहायला आला होता. सगळे त्याला वाघच म्हणायचे. शाळेला जायचं तर पोरांना तीच वाट. दुसरी वाट ओढ्यानं होती, दोन कोसांचा वळसा.

त्याच सकाळी बापूसाहेबांच्या पोराची, विक्रमची काळी जीप दारात येऊन थांबली. डोंगर चढणारी, चारी चाकं ओढणारी. मायाचा नवरा सतीश फाट्यावर गाड्यांचं वायरिंग करायचा. काम शिकला होता वरवंडला, हायवेच्या गॅरेजात. विक्रमनं सीटवरचं खोकं उचलून त्याच्या हातात दिलं.

"कंपनीचा हॉर्न काढ आन् ह्यो बशीव. काल काय झालं ठाव हाय का? त्यो वाटंत मधोमध बसल्याला. मी हॉर्न मारला, पीप. त्यानं माझ्याकडं बघून जांभई दिली. परत मारला, पीप पीप. तर पंजा चाटाया लागला. मागं आमची सायली, ती म्हणती, पप्पा, तो आपल्याला हसतोय."

"कंपनीचा तेवढाच असतोय दादा," सतीश म्हणाला. "त्यो मानसांसाठी असतो."

खोक्यात दोन लांब कर्णे होते आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर. सतीश जुन्याच वायरीला नवा हॉर्न जोडायला निघाला, तशी माया ओल्या हातानं बाहेर आली.

"त्या वायरीला एवढा भार सोसायचा न्हाई. बटनासकट जळंल. मधी रिले घाला, म्हंजी बटनावर भार येत न्हाई, बॅटरीवरनं जाड वायर आना."

लग्नाआधी माया रांजणगावच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधायची. आठ तास उभी. वायरीच्या टोकाला पितळी टर्मिनल दाबायचं, मग वायर हिसका देऊन ओढून बघायची. सुटली तर फेकायची, टिकली तर पुढं. ती सवय बोटांत राहिली होती. पोरीची वेणी घातल्यावरसुद्धा ती रिबीन एकदा ओढून बघायची.

"दादा, मजुरी नगं," ती विक्रमला म्हणाली. "एक करा. सायलीला सोडाया निघता तवा आधी हिकडं या आन् वाटंनं हॉर्न मारत चला. आमची पोरं मागनं येतील. वाटंनं वाजवत गेलं की त्यो नदीच्या अंगाला सरकंल."

"एवढंच व्हय? दिला शब्द. शेवटी पोरं ती पोरं."

दुपारपर्यंत माया बॉनेटमध्ये वाकून होती. एकेक टर्मिनल दाबलं, एकेक वायर ओढून पाहिली. तिच्या मनात गाडी नव्हतीच. त्या वाटेनं चालणारी वस्तीतली बारा पोरं होती, आणि त्यातली एक लाल रिबिनीची.

विक्रमनं बटन दाबलं. उसातले बगळे एकदम वर उधळले. चांगुणाच्या हातातनं सूप निसटून तांदूळ अंगणभर झाले. शेळीनं दाव्याला असा हिसडा दिला, की खुंटी निम्मी वर आली. विक्रम एवढा हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. काढलेला कंपनीचा हॉर्न, वाटीएवढी काळी खोलगट तबकडी, त्यानं करुणाकडं भिरकावला.

"घे गं. खेळ."

सहा दिवस जीप आली. पुढं जीप, मागं बारा पोरं, सगळ्यात मागं काठी घेऊन चांगुणा. "वाघ म्हणा न्हाईतर वाघुबा म्हणा, त्यो खातोच," ती परतताना म्हणायची, "पर आपल्या मायानं त्याला पळाया लावलं." वस्तीतल्या बाया मायाला वाटीभर काहीबाही आणून द्यायच्या.

सातव्या दिवशी पोरं दप्तरं घेऊन उभी राहिली आणि हॉर्न वाजला, पण लांबनं. बंगल्यावरनं. सतीशनं फोन लावला.

"हितनं बी ऐकू जातंय की रं," विक्रम म्हणाला. "वाटंत लई चिखुल हाय. परवाच पॉलिश केलंय गाडीला."

"चिखलासाठीच घितलीय ना दादा तुमी ती?"

"तू मला शिकीव आता."

त्या दिवसापासनं रीत पडली. सकाळी जीप बंगल्याच्या अंगणात उसाकडं तोंड करून उभी राहायची, तीनदा हॉर्न वाजायचा, आणि सायली डांबरी रस्त्यानं शाळेला जायची. इकडं वस्तीच्या कडेला ऊस सळसळायचा. आधी शेजारच्या मच्छिंद्रचं कुत्रं गेलं. मग कोंबड्या.

"वयनी, तुमचा हॉर्न लई झ्याक चालतोय," मच्छिंद्र नळावर सगळ्यांदेखत म्हणाला. "पल्याडनं हाकलतोय आन् अल्याड आनून सोडतोय. घरपोच."

मायाची घागर भरून वाहत होती, तीही तिला दिसली नाही.

शेळी गाभण होती. हॉर्न वाजला की बुजायची. म्हणून चांगुणा तिला सोडताना दाव्याचे दोन वेढे आपल्या मनगटाला घ्यायची. म्हातारीची तशी सवयच होती. म्हशीलासुद्धा ती तशीच धरायची आणि सतीश तिच्यावर ओरडायचा. त्या गुरुवारी हॉर्न तीनदा वाजला. उसाची पानं इकडं येत गेली, केसांतनं फणी फिरावी तशी. मायानं दारातनं बघितलं ते एवढंच: शेळी वर उचलली गेली आणि तिच्यामागनं सासू. वीस पावलं म्हातारी जमिनीवरनं फरफटत गेली. दावं सुटेना. माया किंचाळत धावली, सतीश कोयता घेऊन धावला, त्यानं दावं तोडलं तेव्हा म्हातारी उसाच्या पहिल्या सरीत होती. शेळी पुढं गेली होती.

बंगल्यावरनं चौथ्यांदा हॉर्न वाजला. सायलीला आवडायचा म्हणून कधीकधी एक जास्तीचा वाजवायचे.

चांगुणाचा हात खांद्यातनं निखळला होता, मनगट हाडापर्यंत चिरलं होतं. शिरूरच्या दवाखान्यात चौथ्या दिवशी डॉक्टरांनी हाताचा पंजा कापून काढला. शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "शेळी?"

माया बंगल्यावर गेली. विक्रमची आजी साळूबाई ओट्यावर लसूण सोलत होती. बापूसाहेब पेपर वाचत होते.

"भोंगा लई बेस केलास गं," साळूबाई म्हणाली. "पंधरा दिस झालं, आमच्या अंगनात त्याचं पाऊल न्हाई. बस. च्या घेतीस?"

चहा कागदी कपात आला. माया उभीच राहिली.

"आज्जी, त्यो आमच्याकडं येतोय. माझ्या सासूचा हात गेला."

"ऐकलं. वंगाळ झालं." साळूबाईनं एक पाकळी नखानं सोलली. "पर त्यानं तरी कुठं जायाचं? त्याला काय पंख हायती?"

विक्रम आतनं आला. "मी काय वाघाला तुझा पत्ता दिला का माया?"

"शब्द दिला हुता दादा."

"सा दिस आलो की."

"मग हॉर्न काढून घेते मी."

"हात तर लावून बघ," विक्रम शांतपणे म्हणाला. बापूसाहेबांनी पेपरचं पान उलटलं.

जीप फाटकापाशीच होती, नुकती धुतलेली. पाणी निथळत होतं. जाता जाता मायानं पुढच्या जाळीतनं हात घातला. कॉम्प्रेसरची वायर बोटांना लागली. तिनं ती हिसका देऊन ओढली. पुन्हा ओढली, सगळा जीव मनगटात आणून. टर्मिनल तिनंच दाबलेलं होतं. सुटलं नाही. बोटं कापली, तसा तिनं हात बाहेर काढला आणि रक्त पदरात पुसत ती ओढ्याच्या वाटेनं घरी आली.

पुढं दहा दिवस वस्तीतली पोरं घरी होती. मग ज्यांच्याकडं मोटारसायकल होती त्यांनी आपापली पोरं फाट्यावरनं, लांबच्या गाडीरस्त्यानं न्यायला सुरुवात केली. सतीशची मोटारसायकल दवाखान्याच्या फेऱ्यांत अडकलेली. आणि ओढ्याला आता वरनं पाणी सोडलेलं, करुणाच्या छातीएवढं. मास्तरांचा निरोप आला: परीक्षा आहे, पोरीला धाडा. करुणा दोन दिवस दप्तराला टेकून रडत बसली. तिसऱ्या दिवशी माया म्हणाली, "उद्या जाऊ. आपुन दोघी. वाटंनंच."

सकाळी तिनं पोरीची वेणी घातली, लाल रिबीन बांधली, ओढून बघितली. मग फळीवरनं कंपनीचा हॉर्न काढला. एवढे दिवस करुणा त्यात भातुकलीचा भात शिजवत होती. मोटारसायकलची जुनी बॅटरी दप्तरात तळाला ठेवली, त्यावर पुस्तकं. दोन वायरी, एक बटन. टर्मिनल दाबलं. ओढून पाहिलं. टिकलं.

मच्छिंद्र दारात येऊन उभा राहिला होता. "गाजराची पुंगी," एवढंच तो म्हणाला, पण आज हसला नाही. घरात जाऊन तो एक काठी घेऊन आला, मायाच्या हातात दिली, आणि परत फिरला.

दोघी उसाच्या तोंडाशी आल्या. आत अंधार होता, ओल्या पाचटाचा वास होता. पल्याड बंगल्यावर आजचा हॉर्न अजून वाजायचा होता. मायानं काठी काखेत मारली, दप्तर एका खांद्यावर घेतलं आणि बटन करुणाच्या मुठीत दिलं.

"दाबत ऱ्हायाचं. थांबायचं न्हाई."

करुणानं दाबलं. पीप.

उसात काही हललं नाही. करुणानं बटनावरचं बोट काढलं आणि वर आईकडं बघितलं.

"आई, ह्याला त्यो भ्याला न्हाई म्हनून तर विक्रमदादांनी काढला ना?"